गुलाबी खड्यांचे चांदीचे टॉप्स घरी घडवताना

माझ्यासमोर आत्ता दोन गुलाबी टूरमलीन आहेत. वरून घुमटासारखे, खालून सपाट. या घाटाला कॅबोशॉन म्हणतात. पुडीवर दोघांचंही माप 6 मिलिमीटर लिहिलंय. व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं हत्यार) लावला तर एक 6.02 भरतो, दुसरा 6.14. पहिल्याचा रंग गुलाबी पेरूच्या गरासारखा आहे, दुसऱ्यात त्याच रंगात थोडं पाणी जास्त पडल्यासारखं वाटतं. पहिल्याच्या पोटात केसाएवढी आडवी रेघ आहे, दुसरा जवळपास स्वच्छ. जमिनीतून आलेल्या दगडांची जोडी अशीच असते. टॉप्स घडवताना बहुतेक घोळ होतात ते ही गोष्ट न मानल्यामुळे.

मीही मानत नव्हते. पहिल्या जोडीला दोन्ही कोंदणं, म्हणजे खडा धरून ठेवणारी चांदीची घरं, मी एकाच मापाची कापली, कारण पुडीवर तसं लिहिलं होतं. एक खडा आत जाईना आणि दुसरा आत खुळखुळायला लागला. कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, ज्यांच्या शेजारी बसून मी हे काम शिकले, त्या तात्यांनी दोन्ही खडे तळहातावर घेतले आणि म्हणाले, "जुळी न्हाईत ही पोरी, भावंडं हाईत. ज्याला त्याला त्याचं घर बांध." पुढे जे सांगणार आहे ते सगळं या एका वाक्यावर उभं आहे. आधी खडा, मग त्याच्या मापाचं कोंदण. उलटं कधीच नाही.

खडा कोणता घ्यायचा

शिकताना गुलाबी टूरमलीन किंवा रोझ क्वार्ट्‌झ घ्या. टूरमलीनचा कठीणपणा मोह्‌सच्या 1 ते 10 च्या मोजपट्टीवर 7 ते 7.5, क्वार्ट्‌झचा 7. आपल्या घरातल्या धुळीत क्वार्ट्‌झचे कण असतातच, म्हणून त्याहून मऊ दगड नुसता पुसून पुसूनही मंद होतो. अंगठीपेक्षा कानातल्याला धक्के कमी लागतात, त्यामुळे 7 पुरतं. गुलाबी नीलम (9) आणि स्पिनेल (8) उत्तमच, पण हात बसेपर्यंत त्यांच्यावर पैसे घालू नका. कुंझाइट दिसायला मोहक असतो. मात्र तो दोन दिशांना सहज दुभंगतो आणि उन्हात त्याचा रंग उतरतो. ऱ्होडोक्रोसाइट तर जेमतेम 4 चा आहे, त्याला कानात घालण्यापेक्षा डबीत ठेवलेला बरा.

इथे एक मनातली गोष्ट सांगते. नाशिक, जळगाव, पुणे भागातल्या बेसॉल्टच्या पोकळ्यांमध्ये फिकट गुलाबी, पीच रंगाचा स्टिल्बाइट सापडतो. आपल्याच मातीतला दगड आपल्या कानात असावा असं मला फार वाटायचं. एक तुकडा मिळवून घासायला घेतला, तर पापुद्रा सुटावा तसा सुटत गेला. त्याचा कठीणपणा 3.5 ते 4, आणि एका दिशेला तो अगदी सहज फुटतो. तो स्फटिक मी तसाच खिडकीत ठेवलाय. संध्याकाळच्या उन्हात सुंदर दिसतो, कोंदणात तो टिकणार नाही.

टूरमलीनला गुलाबी रंग येतो मँगनीजमुळे. आत बारीक रेघा, पाण्याच्या धाग्यासारख्या खुणा असणं नेहमीचंच, त्याला खोट समजू नका. रोझ क्वार्ट्‌झचा गुलाबीपणा आतल्या अतिसूक्ष्म तंतूंमुळे असतो, म्हणून तो दुधाळ दिसतो आणि पातळ कापला की रंगच हरवतो. तो घ्यायचा तर जाड घुमटाचा घ्या.

खडा खरा आहे का हे पाहायला दहापटीचं भिंग जवळ हवंच. आत गोल बुडबुडे दिसले तर काच समजा. भेगांमध्येच रंग साचलेला आणि बाकी दगड फिका दिसला, तर तो रंगवलेला आहे. कापसाच्या काडीला ॲसिटोन लावून खड्याच्या पाठीवर घासा. काडी गुलाबी झाली की विषय संपला. टूरमलीनवर किरणांचा उपचार करून रंग गडद करण्याची पद्धत बाजारात आहे आणि ते भिंगाने ओळखता येत नाही. त्यामुळे फार भडक आणि तरीही स्वस्त खडा दिसला तर विक्रेत्याला सरळ विचारा आणि बिलावर लिहून घ्या. महागाचा खडा असेल तर प्रयोगशाळेचा दाखला मागा.

जोडी निवडताना माझी पद्धत अशी. दुकानाच्या पिवळ्या दिव्याखाली नाही, तर दाराशी किंवा खिडकीशी पांढऱ्या कागदावर सहा-सात खडे मांडायचे. शेजारी शेजारी ठेवून फरक शोधत बसायचं नाही. दोन खडे वीतभर लांब ठेवायचे आणि मग बघायचं, कारण दोन कानांच्या मध्ये अख्खा चेहरा असतो. वीतभर अंतरावर रंगातला थोडा उतारचढाव दिसत नाही. एक पारदर्शक आणि दुसरा दुधाळ असेल तर मात्र लगेच डोळ्यात येतं. घुमटाची उंचीही बघा. एक उंच, एक बुटका अशी जोडी बाजूने पाहणाऱ्याला कळते.

चांदी

पाठीसाठी 925 चा अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा, कोंदणाला शुद्ध 999 ची 0.3 मिलिमीटर जाडीची पट्टी, दांडीला 925 ची 0.9 मिलिमीटरची तार. 925 म्हणजे हजारात 925 भाग चांदी आणि उरलेलं बहुधा तांबं. तांब्यामुळे तिला ताठपणा येतो, तो पाठीला आणि दांडीला हवाच. कोंदणाला मात्र लोण्यासारखी पट्टी लागते. 925 ची पट्टी खड्यावर दाबली की परत मागे येते, शुद्ध चांदी दाबाल तिथे राहते. माझा पत्रा मी हुपरीहून मशीनवर पातळ करून आणते. पैंजणांचं गाव ते, तिथे चांदीचं कुठलंही काम अडत नाही. सगळं मिळून एका जोडीला फिरक्या सोडून एक ग्रॅमच्या आसपास चांदी लागते.

झाळ, म्हणजे वितळून दोन तुकडे सांधणारा धातू, तीन प्रकारची मिळते: हार्ड, मीडियम, ईझी. हार्ड सगळ्यात उशिरा वितळते, ईझी सगळ्यात आधी. एकाच दागिन्याला तीन वेळा आच द्यायची असते, म्हणून याच क्रमाने वापरायची. नाहीतर दुसरा जोड झाळताना पहिला सुटतो. विकत घेताना त्यात कॅडमियम नाही ना, हे विचारल्याशिवाय घेऊ नका. सोन्याच्या दुकानावरची 'केडीएम' ही पाटी आठवते ना, ते नाव कॅडमियमवरूनच आलं. त्याची वाफ फुफ्फुसं आणि मूत्रपिंडं खराब करते, आणि घरच्या खोलीत तर ती नकोच नको.

बाकी हत्यारं थोडी आहेत: बारीक पात्याची सोनारी करवत, कानस, चिमटा, झाळायची वीट, लहान ब्यूटेन टॉर्च, 400, 800 आणि 1200 नंबरचा पॉलिशपेपर आणि अकीकाची ओपणी, म्हणजे चांदी दाबून घासून चकचकीत करायचं हत्यार. खिडकी उघडी ठेवा, केस बांधा, ओढणी काढून ठेवा. सिंथेटिक कपडे घालून आचेजवळ बसू नका, ते वितळून अंगाला चिकटतात.

कोंदण

पट्टीची लांबी काढायची रीत साधी आहे. खड्याच्या व्यासात पट्टीची जाडी मिळवा आणि 3.14 ने गुणा. माझ्या पहिल्या खड्याला 6.02 अधिक 0.3, गुणिले 3.14, म्हणजे 19.84 मिलिमीटर. दुसऱ्याला 20.22. खड्यातला 0.12 चा फरक पट्टीत तिपटीने वाढून 0.38 झाला. एकाच मापाने दोन्ही कोंदणं का कापायची नाहीत, ते या आकड्यात आहे. नखाएवढ्या कामात अर्धा मिलिमीटर म्हणजे फार मोठी दरी.

उंची डोळ्यांनी ठरवा. खडा सपाट जागेवर ठेवून बाजूने बघा. काही अंतर त्याची भिंत सरळ वर जाते आणि मग आत झुकायला लागते. पट्टी त्या झुकावाच्या जरा वर यायला हवी. 3 मिलिमीटर उंचीच्या खड्याला मी 1.8 ते 2 मिलिमीटरची पट्टी घेते. कमी पडली तर खडा निसटतो. जास्त झाली तर वळवताना चुण्या पडतात आणि रंगही झाकला जातो. आधी कागदाच्या पट्टीवर करून बघा.

मापाने कापलेल्या पट्टीची दोन्ही टोकं कानशीने अशी सरळ करा, की जुळवून उजेडासमोर धरल्यावर मधून उजेड दिसू नये. झाळ फट भरत नाही, ती फक्त चिकटलेल्या दोन कडांमधून धावते. पट्टीचं हे कडं या वेळी वेडंवाकडं दिसलं तरी चालेल, गोलाई नंतर देता येते.

झाळ नीट धावावी म्हणून जोडावर टाकणखार (बोरॅक्स) लागतो. तो मी अजूनही सहाणेवर उगाळते. दोन थेंब पाणी, टाकणखाराचा लहान गोळा, आणि गंध उगाळावं तसा हात फिरवायचा. सायीसारखी पांढरी खळ झाली की कुंचल्याने जोडावर लावायची. त्यावर मोहरीच्या दाण्याहून लहान असा हार्ड झाळीचा कण ठेवायचा आणि टॉर्चची ज्योत लांबून गोल फिरवत न्यायची. टाकणखार आधी फुगतो, मग बसतो, मग काचेसारखा पारदर्शक होतो. तो पारदर्शक झाला की समजायचं, झाळ आता थोड्याच वेळात धावणार. खोलीतला दिवा मंद ठेवला तर चांदीचा लाल रंग नीट कळतो. झाळीचा कण चकाकून रेघेसारखा जोडात ओढला गेला, की त्याच क्षणी आच काढायची. तात्या मला टॉर्चआधी दिवा आणि फुंकणी देत. फुंकर अडखळली की ज्योत अडखळायची आणि चूक कुणाची ते लगेच कळायचं. टॉर्चवर काम सोपं होतं, पण तो संयम मी फुंकणीवर शिकले.

झाळलेलं कडं पाण्यात थंड करून उजळायला टाका. एक ग्लास कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) घातलं की पुरतं. हे भांडं स्वयंपाकघरात परत जायचं नाही. आणि त्यात लोखंडी चिमटा बुडवू नका. बुडवला तर चांदीवर तांब्याचा लालसर थर चढतो. तांब्याचा नाहीतर बांबूचा चिमटा ठेवा.

मग कडं गुळगुळीत गोल सळईवर चढवून लाकडी हातोडीने हलकेच गोल करा आणि खडा घालून बघा. बोटाच्या नुसत्या दाबाने तो आत सरकला पाहिजे. अडला तर कडं सळईवर हलकं ठोकून किंचित वाढवता येतं. सैल झालं तर कापून पुन्हा झाळायचं, दुसरा उपाय नाही. खडा घालून बघताना त्याच्याखाली दोऱ्याचा तुकडा ठेवा, नाहीतर तो आत अडकतो आणि बाहेर काढता येत नाही. हे मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण शिकायला येणारी प्रत्येक मुलगी एकदा तरी विसरते.

कडं बसलं की खालची कड 400 च्या पेपरवर सपाट घासा आणि पत्र्यावर ठेवून मीडियम झाळीने जोडा. पत्रा जाड, कडं नाजूक. म्हणून आच पत्र्याला द्यायची, कड्याला ती आपोआप पोचते. थेट कड्यावर ज्योत धरली तर शुद्ध चांदी 962 अंशांना वितळते, आणि 0.3 मिलिमीटरच्या पट्टीला तिथवर पोचायला वेळ लागत नाही. झाळ झाल्यावर आत पाण्याचा थेंब सोडून बघा. बाहेर झिरपला तर जोड राहिलाय. मग जादा पत्रा करवतीने कापून कड कानशीने एकसारखी करा.

आता पाठीवर खूण करायची. एका खड्याच्या घराला एक रेघ, दुसऱ्याला दोन. खडेही बाटलीच्या दोन झाकणांत तशाच खुणा करून ठेवा.

पारदर्शक खड्याखाली जुने जडावकार डांक घालत, म्हणजे चमकदार वर्खाचा तुकडा. मी आतली पाठच ओपणीने आरशासारखी करते. खड्यातून गेलेला उजेड चांदीवर आपटून परत येतो आणि फिका टूरमलीनही आतून पेटल्यासारखा दिसतो.

दांडी

दांडी बरोबर मध्यावर लावू नका, किंचित वर लावा. मध्यावरची दांडी असली की टॉप्स पुढे झुकतो आणि खडा जमिनीकडे बघतो. जागा ठरली की तिथे टोकदार हत्याराने लहानसा खळगा करा. तारेचं टोक त्यात टेकलं की ती घसरत नाही आणि जोडही पक्का होतो. ईझी झाळ वापरा. दांडीची लांबी 10 मिलिमीटर ठेवा, कानाची पाळी जाड असेल तर 11.

झाळल्यावर तार आचेने मऊ पडते. हा भाग बहुतेक जण सोडून देतात आणि मग टॉप्स घालताना दांडी वाकते. पकडीने टोक धरून दांडीला स्वतःभोवती एक-दोन अर्धे पीळ द्या. ती पुन्हा कडक होते आणि जोडाची परीक्षाही त्यातच होते. सुटायची असेल तर आत्ताच सुटू दे.

हे मी का सांगते ते ऐका. एका जोडीत मी पीळ द्यायला विसरले. खडा बसवून झाला, पॉलिश झालं, आणि दांडी हातात आली. ज्यांना ते द्यायचं होतं त्यांच्या घरी दुसऱ्या दिवशी मुंज होती. मी खड्यावर ओलं फडकं गुंडाळलं आणि ईझी झाळीने दांडी परत लावायला बसले. झाळ धावायच्या आधीच 'टिच्' असा बारीक आवाज आला. फडकं काढलं तर टूरमलीनला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भेग गेलेली. तो दगड मी आजही हत्यारांच्या डब्यात ठेवलाय. खडा कोंदणात गेला की आच संपली. पुढे काहीही सुटलं तरी आधी खडा काढायचा.

घरी आई-आजींना फिरकीच हवी असते, आणि त्यांचं बरोबर आहे. मळसूत्राची फिरकी सहज पडत नाही. साध्या तारेवर आटे पाडणं घरी जमत नाही, म्हणून आटे पाडलेल्या तयार दांड्या फिरकीसकट आणा. मात्र त्या 925 च्याच हव्यात. स्वस्त दांड्यांत निकेल असतं, आणि निकेल न सोसणारा कान दोन दिवसांत चिघळतो. साधी दाबाची चाप लावणार असाल तर दांडीच्या टोकापासून 2 मिलिमीटरवर गोल खाच करा, चाप तिथे अडकते. टोक कानशीने गोल करून पेपरने घासा. आपल्या गालावर फिरवून बघा. गालाला टोचलं तर कानालाही टोचणार.

खडा बसवणं

सगळं पॉलिश आधी करून घ्या: 400, 800, 1200, मग कापडावर पॉलिशची वडी, शेवटी रिठ्याच्या पाण्यात पितळी ब्रश. खडा बसल्यावर पेपर फिरवायला जागाच उरत नाही.

टूरमलीनची एक गंमत आहे. तो गरम झाला की त्यात वीज जमते आणि तो धूळ, कागदाचे बारीक कण स्वतःकडे ओढतो. टेबलावरच्या दिव्याखाली दहा मिनिटं ठेवलेल्या खड्यावर मी हे कितीदा पाहिलंय. कोंदण बंद झाल्यावर खड्याखालचा एक कण कायमचा आतच राहतो आणि पारदर्शक दगडात तो दिसतो. म्हणून शेवटच्या क्षणी खडा आणि कोंदण दोन्ही मऊ कापडाने पुसा, फुंकर मारा आणि लगेच बसवा.

लाकडाच्या ठोकळ्यात दांडीएवढं भोक पाडून टॉप्स त्यात उभा करा. खडा कोंदणापेक्षा खोल गेलेला वाटला तर खाली चांदीच्या पातळ तारेचं कडं ठेवून उचला. काही जण लाकडाचा भुसा भरतात. तो ओलाव्याने फुगतो, नको. मग पट्टी दाबायची, पण एका बाजूने सुरुवात करून गोल फिरत जायचं नाही. तसं केलं तर सगळी जादा चांदी शेवटी एका जागी गोळा होते आणि चुणी पडते. उत्तरेला दाबा, मग दक्षिणेला, मग पूर्वेला, पश्चिमेला, आणि नंतर मधल्या चार दिशा. प्रत्येक वेळी थोडंच. पट्टी खड्याला टेकली की अकीकाची ओपणी तेलाच्या थेंबाने ओली करून कडेवरून फिरवा. दाब चांदीवर ठेवा, खड्यावर नको. नख फिरवल्यावर कडेला कुठेही अडकलं नाही आणि कानाशी धरून हलवल्यावर आवाज आला नाही, की खडा बसला.

आपल्या मोत्यांच्या कुडीत मध्यावर लाल-गुलाबी खडा असतो. माझ्या आईने तशीच कुडी आयुष्यभर घातली. या जोडीतला एक रेघेचा टॉप्स मी तिच्या डाव्या कानासाठी ठेवलाय. त्या कानाचं भोक ओघळलंय आणि तो खडा जरा लहान, जरा हलका.

वापरून झाल्यावर मऊ कापडाने पुसून ठेवा. मळले तर रिठ्याच्या कोमट पाण्यात मऊ टूथब्रशने घासा. टूथपेस्ट नको, आणि सराफाच्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्येही देऊ नका, आतल्या रेघांच्या भेगा होतात. अत्तर आणि केसांचा स्प्रे आधी, टॉप्स नंतर. चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते. म्हणून दोन्ही टॉप्स वेगवेगळ्या झिपच्या पिशवीत, शेजारी खडूचा तुकडा टाकून ठेवा. कोल्हापूरच्या पावसात तो खडू महिन्याभरात ओला पडतो, तेवढा बदलत राहा.